तो यायचा

(पडदा काळा. फक्त आवाज : टाळ्या आणि पाय, सगळे एका ठेक्यात. त्यावर एक मँडोलिन.)

हा ठेका धरलाय प्रेक्षकांनी. साल १९७२, युरोपचा दौरा. मंचावरच्या तरुणाने आपली गिटार बाजूला ठेवलीय आणि हातात घेतलंय एवढंसं मँडोलिन. समोरच्या माणसांना कोणी सांगितलेलं नाही की आता टाळ्या द्या. त्याने पहिली ओळ म्हटली आणि सभागृह उठलं.

रोरी गॅलाहर, आयरिश गिटारवादक आणि गायक. आडनाव लिहिताना त्यात दोन 'ग' येतात, पण आयर्लंडमध्ये दुसरा 'ग' मुका असतो. त्याचे चाहते तर आडनावापर्यंत जातच नाहीत. "रोरी! रोरी!" ही त्यांची हाक त्याच्या जवळजवळ प्रत्येक लाइव्ह ध्वनिमुद्रणात गाण्यांच्या मधल्या फटीतून ऐकू येते.

मी त्याला प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. तो १४ जून १९९५ रोजी लंडनमध्ये गेला, तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा होता. आज त्याच्यावर जीव टाकणारे कितीतरी लोक माझ्यासारखेच आहेत, त्याच्या एकाही मैफलीला न गेलेले. तरीही आमच्या बोलण्यात तो कायम मंचावरच असतो, घामाने भिजलेल्या चौकड्याच्या शर्टात. स्टुडिओतला रोरी सहसा कोणाला आठवत नाही. असं का, हे शोधण्यासाठी ही फिल्म.

(दृश्य : गिटारचा जवळून घेतलेला शॉट. रंग उडालेलं लाकूड. कॅमेरा हळूहळू सरकतो.)

आधी ही गिटार नीट बघा.

फेंडर स्ट्रॅटोकॅस्टर, १९६१ची. कारखान्यातून निघाली तेव्हा हिचा रंग 'सनबर्स्ट' होता, म्हणजे मध्ये पिवळसर आणि कडेला गडद. आता तो रंग डबक्याकाठच्या शेवाळासारखा तुकड्यातुकड्याने उरलाय. बाकी सगळं उघडं लाकूड. १९६३ साली कॉर्क शहरातल्या क्राउलीच्या वाद्यांच्या दुकानात पंधरा वर्षांच्या रोरीने ही पाहिली. किंमत शंभर पाउंडच्या आसपास. त्या घरासाठी ही रक्कम अफाट होती, म्हणून ती हप्त्यांवर आली. आईला पटवताना त्याने युक्तिवाद केला म्हणतात, की या एका गिटारवर मुख्य सूरही वाजतो आणि साथही होते, म्हणजे दुसऱ्या गिटारवाल्याचा खर्च वाचला. पोराने शब्द पाळला. पुढची बरीच वर्षं त्याच्या बँडमध्ये दुसरा गिटारवादक आलाच नाही.

काही वर्षांनी डब्लिनमध्ये ती गाडीतून चोरीला गेली. टीव्हीवरच्या पोलिसांच्या कार्यक्रमात तिची माहिती दिली गेली, आणि काही दिवसांनी ती उघड्यावर टाकून दिलेली सापडली, पावसापाण्यात पडलेली. त्यानंतर ती पुन्हा रंगवायची किंवा विकायची नाही, हे त्याचं ठरून गेलं.

आणि मग सुरू झाला घाम. रोज रात्री दोन-दोन, कधी तीन तास. दिव्यांची धग, भरलेलं सभागृह, आणि अंगात संचारल्यासारखा वाजवणारा माणूस. तो घाम लाकडात मुरत गेला आणि वरचं लाखकाम पापुद्र्यांनी सुटत गेलं. चाहते या गिटारच्या फोटोकडे ज्या नजरेने बघतात ती नजर मला समजते. कॅमेऱ्यापर्यंत न पोचलेल्या मैफलींची नोंद इथे, या लाकडावर राहिलीय.

(दृश्य : बॅलीशॅननचा रस्ता, नदीवरचा पूल, उताराची वस्ती.)

रोरी जन्मला तो इथे, डोनेगल परगण्यातल्या बॅलीशॅननमध्ये, २ मार्च १९४८ रोजी. वडील एर्न नदीवरच्या वीजप्रकल्पाच्या कामावर होते. कुटुंब काही काळ डेरी शहरात राहिलं, मग आई दोन्ही मुलांना घेऊन आपल्या माहेरच्या गावी, कॉर्कला आली. त्या काळी आयर्लंडमध्ये वाजवून पोट भरायचं म्हणजे 'शोबँड'मध्ये शिरायचं. सूट घालायचा, एका रांगेत उभं राहायचं आणि रेडिओवर गाजलेली गाणी लोकांना नाचण्यासाठी वाजवायची. पोरसवदा रोरीने तेही केलं. शाळा आणि रात्रीचे कार्यक्रम दोन्ही सांभाळून तो देशभर फिरला. त्याच्या पुढच्या आयुष्याचा पाया इथे पडला असं मला वाटतं. समोर शंभर माणसं असोत की हजार, ती पैसे देऊन आलीत आणि त्यांची रात्र आपल्या हातात आहे, हे तो शोबँडमध्ये शिकला. सूट मात्र त्याने लवकरच टाकून दिला.

१९६६ साली 'टेस्ट' हा बँड. १९६८च्या नोव्हेंबरात रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये एरिक क्लॅप्टनच्या गाजलेल्या 'क्रीम' बँडचा निरोपाचा कार्यक्रम झाला, त्यात त्यांच्याआधी वाजवायला हे आयरिश त्रिकूट होतं. १९७०च्या ऑगस्टमध्ये आइल ऑफ वाइटच्या महोत्सवात प्रचंड जनसमुदायासमोर 'टेस्ट' वाजलं आणि गाजलं. त्याच वर्षाच्या अखेरीस तो बँड फुटला. हा भाग इथेच सोडतो. त्या फुटीच्या कहाण्या खूप आहेत आणि त्यात फार सुख नाही.

(दृश्य : लंडनची वॉर्डर स्ट्रीट, रात्र.)

'टेस्ट'च्या दिवसांतली एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, कारण ती एका चाहत्याची आहे.

मार्की क्लब. कार्यक्रम संपला, लोक पांगले. एक विद्यार्थी आपल्या मित्राबरोबर मागे रेंगाळला. त्याला एकच गोष्ट विचारायची होती. रोरी आपलं सामान स्वतःच आवरत होता. पोराने धीर करून विचारलं, तुमचा हा आवाज येतो कसा? रोरीने हातातलं काम थांबवून त्याला सगळं दाखवलं. हा व्हॉक्स एसी ३० अँप, म्हणजे गिटारचा आवाज वाढवणारं यंत्र, आणि ही त्याच्यावर ठेवलेली छोटी पेटी, डॅलस रेंजमास्टर. त्या विद्यार्थ्याने पुढे तशीच सामग्री मिळवली आणि त्याला आपला आवाज सापडला. त्याचं नाव ब्रायन मे. 'क्वीन' या बँडचा गिटारवादक झाल्यावर त्याने हा किस्सा कित्येकदा सांगितला, आणि आपला आवाज रोरीमुळे घडला हे तितक्याच वेळा कबूल केलं.

त्या पेटीत होतं काय? एकच जर्मेनियम ट्रान्झिस्टर. गिटारमधून येणाऱ्या वरच्या पट्टीच्या सुरांना तो ढकलतो, आणि त्या ढकलण्याने अँपच्या व्हॉल्व्हवर ताण येऊन सूर कातरल्यासारखा, धारदार होतो. पण खरी गंमत उजव्या हाताच्या करंगळीत होती. रोरी वाजवता वाजवता गिटारवरचा व्हॉल्यूमचा नॉब फिरवायचा. कमी केला की तोच आवाज स्वच्छ, बोलल्यासारखा. वाढवला की गर्जना. त्या काळात पायाखाली पेडलांची रांग मांडण्याची त्याला गरज पडली नाही. तार छेडतानाच अंगठ्याची कड तिला किंचित लावून तो शिट्टीसारखा एक तीक्ष्ण स्वर काढायचा. गिटार शिकणारी मुलं आजही त्या जागेवर व्हिडिओ थांबवतात, मागे घेतात, पुन्हा बघतात.

(दृश्य : बेलफास्ट, सत्तरचं दशक. चौकातले अडथळे, झडती घेणारे सैनिक, संध्याकाळचे रिकामे रस्ते.)

आता बेलफास्ट. माझ्या मते रोरी आणि त्याच्या चाहत्यांचं नातं इथे कळतं.

उत्तर आयर्लंडमधल्या त्या काळाला तिथले लोक 'ट्रबल्स' म्हणतात. एवढ्या रक्तासाठी हा शब्द फार मवाळ आहे. एकट्या १९७२ सालात जवळपास पाचशे माणसं मारली गेली. २१ जुलैच्या शुक्रवारी बेलफास्टमध्ये तासा-दीड तासात एकामागून एक वीसच्या आसपास बाँब फुटले. माणसाचं आडनाव, त्याची शाळा, त्याच्या घराचा रस्ता, यावरून तो कोणत्या बाजूचा, कॅथलिक की प्रोटेस्टंट, ते ठरायचं, आणि अंधार पडायच्या आत आपल्या वस्तीत परतणं हे शहाणपण होतं.

या शहरात बेडफर्ड स्ट्रीटवर १८६२ साली उघडलेलं एक सभागृह आहे, अल्स्टर हॉल. १९७१च्या मार्चमध्ये प्रख्यात ब्रिटिश बँड लेड झेपेलिन तिथे वाजून गेले होते. पण हिंसा वाढत गेली तशी मोठी नावं येईनाशी झाली. विमा, सुरक्षा, भीती. त्यांना दोष देता येत नाही. कोण येईल?

रोरी यायचा.

वर्ष सरताना किंवा नवं वर्ष उजाडताना, बहुधा तेव्हाच. १९७२च्या सुरुवातीला आला, १९७३ आणि ७४च्या उंबरठ्यावर आला, पुढेही येत राहिला. तो दक्षिणेतला, कॅथलिक घरातला. त्याचा बेस वाजवणारा गेरी मॅकअवॉय बेलफास्टचाच पोरगा. रोरीही 'टेस्ट'च्या दिवसांत या शहरात राहिलेला. मंचावरून तो कोणाची बाजू घेत नसे, शांततेवर भाषण देत नसे. येऊन वाजवायचा.

त्या रात्री आत कोण असायचं? दोन्हीकडची मुलं. एरवी ज्या रस्त्यावर पाऊल टाकलं नसतं अशा रस्त्यांवरची, खांद्याला खांदा लावून, एकाच ठेक्यात मान हलवत. त्या पिढीतल्या माणसांना याबद्दल बोलताना ऐकलं की लक्षात येतं, गाण्यांची नावं त्यांना नंतर आठवतात. आधी आठवतं ते हे की तो आला होता. शहराला जगाने जवळजवळ वाळीत टाकलं होतं आणि हा माणूस दर वर्षी अँप गाडीत घालून येत होता.

त्या येण्यात धोका किती होता, ते १९७५च्या जुलैअखेर सगळ्यांना कळलं. 'मायामी शोबँड' हा आयर्लंडमधला अत्यंत लोकप्रिय बँड. बॅनब्रिजमधला कार्यक्रम आटपून डब्लिनला परतताना सैनिकी गणवेशातल्या लोकांनी खोट्या तपासनाक्यावर त्यांची गाडी अडवली. बँडमधले तिघे जण मारले गेले. ज्या शोबँडच्या दुनियेत रोरी वाढला, तिथलीच ही माणसं. त्यानंतरही अल्स्टर हॉलच्या दारावर रोरीचं नाव लागत राहिलं.

(दृश्य : मंचावर चढणारा रोरी, १९७४. डेनिमचं जॅकेट, विस्कटलेले केस. लोकांचा कल्लोळ.)

१९७३चं वर्ष संपताना आणि ७४ उजाडताना त्याने आयर्लंडचा जो दौरा केला, त्यात बेलफास्ट, डब्लिन आणि कॉर्क इथल्या मैफली ध्वनिमुद्रित झाल्या. त्यातून 'आयरिश टूर '७४' हा दुहेरी अल्बम निघाला आणि टोनी पामर याने त्याच नावाचा चित्रपट केला. रोरी कोणाला ऐकवायचा असेल तर मी इथूनच सुरुवात करतो.

लू मार्टिन कीबोर्डवर, रॉड डीअॅथ ड्रम्सवर, मॅकअवॉय बेसवर. ही माणसं सतत रोरीकडे बघत असतात, आणि त्याला कारण आहे. गाण्यांची ठरलेली यादी त्याला मानवत नसे. पुढचं गाणं कोणतं, हे तो सूर छेडेपर्यंत बँडलाही पक्कं ठाऊक नसायचं. त्यामुळे एकाच दौऱ्यातल्या दोन रात्री ऐकल्या तर गाणं तेच, पण मधला विस्तार निराळा. आपल्याकडे मैफलीला जाणाऱ्या रसिकाला हे समजावून सांगायला नको. तीच चीज कालच्यासारखी आज नसते, म्हणून तर आपण पुन्हा जातो. रोरीचे चाहते त्याच्या मागे एका गावाहून दुसऱ्या गावी जायचे ते याचसाठी.

'अ मिलियन माइल्स अवे' ऐका. एकटेपणाचं गाणं. मध्ये एक जागा येते जिथे सगळा बँड खाली उतरतो, आवाज जवळजवळ विरतो. एवढ्या गर्दीत इतकी शांतता कशी राहते याचं मला दर वेळी नवल वाटतं. मग एकेक सूर करत तो पुन्हा वर चढतो. या चढण्याला तो अजिबात घाई करत नाही. वेगात वाजवणारे त्याच्या आधीही होते, नंतर तर खूपच झाले. ऐकणाऱ्याला असं सोबत घेऊन चढणारे थोडे.

मैफलीच्या मधोमध बँड आत जायचा आणि तो एकटा उरायचा. कधी साधी ध्वनिक गिटार, कधी धातूच्या अंगाची नॅशनल, कधी ते मँडोलिन. जुन्या अमेरिकन ब्लूज गायकांची गाणी या भागात यायची. शेवटाकडे मग पुन्हा विजेचा कल्लोळ, चक बेरीसारखी एका पायावर उड्या मारत मंच पार करण्याची चाल, आणि भिजलेला शर्ट.

त्या शर्टाबद्दल एक वाक्य. चौकडा, जाड, कामगार घालतात तसला. झगमगीत कपडे, रंगवलेले चेहरे आणि उंच टाचांच्या बुटांच्या त्या काळात तो रस्त्यावरच्या माणसासारखा मंचावर चढायचा. त्यामुळे समोरच्याला तो आपल्यातला वाटायचा, आणि तो तसा होताही. मंचाखाली लाजाळू, हळू आवाजात बोलणारा. कार्यक्रमानंतर भेटायला थांबलेल्या पोरांशी बोलत राहायचा.

'मेलडी मेकर' या ब्रिटिश साप्ताहिकाच्या वाचकांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्याला वर्षातला सर्वोत्तम गिटारवादक निवडलं, एरिक क्लॅप्टनला मागे टाकून. त्याच्या जागी दुसरा असता तर एखादं छोटं गाणं सिंगल म्हणून काढून रेडिओवर वाजवून घेतलं असतं. रोरी सिंगल काढायला नकारच द्यायचा. हा हट्ट त्याला महागात पडला, यात शंका नाही. पण कोणत्या एका गाण्याचा गायक म्हणून तो कधी ओळखला गेला नाही. त्याला भेटायचं तर पूर्ण मैफलच ऐकावी लागते.

(दृश्य : एसेनचं ग्रुगाहाले, १९७७. मग अथेन्सच्या स्टेडियमचे जुने फोटो.)

१९७७च्या जुलैमध्ये जर्मनीतल्या एसेनमध्ये 'रॉकपालास्ट' या टीव्ही कार्यक्रमाची पहिली रात्रभराची मैफल झाली आणि ती टीव्हीवरून युरोपभर थेट दिसली. त्या रात्री झोप मोडून टीव्हीसमोर बसलेल्या असंख्य घरांत रोरी पोचला. आजचे साठी-सत्तरीतले जर्मन चाहते बहुतेक त्या रात्रीचं नाव घेतात. १२ सप्टेंबर १९८१ रोजी तो अथेन्सच्या फुटबॉल स्टेडियममध्ये वाजला. गर्दी आवरेना, बाहेर दंगल पेटली, अश्रुधुराचे लोट मैदानात शिरले. ग्रीसमध्ये ती रात्र अजून दंतकथेसारखी सांगितली जाते. अमेरिकेचे दौरे तर त्याने पंचवीसच्या आसपास केले.

इतकं फिरणं शरीराने फुकट सोडलं नाही. पुढे त्याला विमानाची धास्ती बसली. त्यासाठी औषधं, त्यात दारू, आणि दोन्हींनी मिळून यकृत पोखरलं. नव्वदच्या दशकात काही मैफली अडखळल्या. त्या रात्रींना हजर असलेले चाहते त्यांच्याबद्दल फार बोलत नाहीत, मीही वाढवत नाही. पण १९९४च्या उन्हाळ्यातली स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोची मैफल बघा. चेहरा सुजलेला, हालचाल जड. आणि हात? हात तसेच. सूर लागला की क्षणभर विसरायला होतं की या माणसाकडे आता वर्षभरही उरलेलं नाही.

शेवटची मैफल रॉटरडॅममध्ये, १० जानेवारी १९९५. दुखणं अंगावर काढत तो तिथेही गेला होता. त्यानंतर दौरा थांबवावा लागला. लंडनच्या इस्पितळात यकृताचं प्रत्यारोपण झालं, प्रकृती सुधारतेय असं वाटत होतं, आणि जंतुसंसर्गाने घात केला. कॉर्कजवळ बॅलिनकॉलिगच्या दफनभूमीत तो आहे. त्याच्या समाधीचा दगड वर्षातला सर्वोत्तम गिटारवादक म्हणून मिळालेल्या त्या पुरस्काराच्या आकाराचा आहे.

(दृश्य : डब्लिनची भिंत, त्यावर कांस्याची गिटार. कॉर्कचा चौक. फ्रान्समधली रस्त्याची पाटी.)

कॉर्कमध्ये त्याच्या नावाचा चौक आहे. डब्लिनच्या टेंपल बार भागात त्याच्या नावाचा कोपरा आहे, तिथे भिंतीवर त्याची स्ट्रॅट कांस्यात बसवलीय. पॅरिसजवळच्या रीस-ओरांजीस गावात त्याच्या नावाचा रस्ता आहे. आणि २०२४च्या ऑक्टोबरमध्ये ती मूळ गिटार लंडनमध्ये बोनम्सच्या लिलावात आली, तेव्हा आयर्लंडमध्ये अस्वस्थता पसरली. ती कोणा धनिकाच्या तिजोरीत गेली तर? देशाने ती विकत घ्यावी म्हणून लोक बोलू लागले, सह्या करू लागले. जवळपास नऊ लाख पाउंडना ती गेली. घेणारी होती आयर्लंडमधलीच संगीत कार्यक्रम करणारी कंपनी, आणि तिने ती गिटार आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला देऊन टाकली. हप्त्यांवर आणलेली गिटार.

२०२५च्या जानेवारीत अल्स्टर हॉलबाहेर, बेडफर्ड स्ट्रीटवर त्याचा पुतळा उभा राहिला. महिनाही तोच, ज्यात तो यायचा. अनावरणाला जमलेल्यांत पांढऱ्या केसांची माणसं खूप होती. पन्नास वर्षांपूर्वी ती याच दारातून आत गेली असतील, वेगवेगळ्या वस्त्यांतून येऊन.

(दृश्य : बॅलीशॅनन. मे महिन्याची अखेर. चौकड्याचे शर्ट घातलेल्या माणसांनी भरलेला रस्ता. मध्ये कांस्याचा रोरी.)

आणि दर वर्षी मे सरता सरता, जूनच्या तोंडावर, बॅलीशॅननची वारी. २००२पासून इथे रोरीच्या नावाने महोत्सव भरतो. एरवीचं छोटं, शांत गाव त्या तीन-चार दिवसांत ओळखू येत नाही. जर्मन, डच, फ्रेंच, इटालियन, जपानी, सगळ्या बोली कानावर पडतात. शर्ट मात्र एकच, चौकडा. २०१०मध्ये गावाच्या मध्यावर बसवलेल्या पुतळ्यापाशी फोटोसाठी रांग लागते. दिवसभर एका मागून एक बँड त्याचीच गाणी वाजवतात. काही फार सुंदर वाजवतात, काही नुसतेच जोरात.

या गर्दीतली कितीतरी पोरं १९९५नंतर जन्मलेली आहेत. एखादा बाप आपल्या मुलीला सांगत असतो, कोणत्या वर्षी, कोणत्या शहरात, कितव्या रांगेतून त्याने रोरीला पाहिलं. मुलीने हे शंभरदा ऐकलेलं असतं. ती मान डोलावते, पण तिचं लक्ष मंचाकडे असतं. तिथे कोणीतरी गिटार खाली ठेवलीय आणि मँडोलिन हातात घेतलंय.

(आवाज : टाळ्या. मग पाय. कॅमेरा गर्दीच्या वर जातो. निवेदन थांबतं, ठेका चालू राहतो.)